रॉजर नीडहॅम : लॉगिन करणारे तुम्हीच आहात, हे कॉम्प्युटरला कसं पटतं?



कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा एखाद्या मोठ्या ऑफिसमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. कोणत्याही मशीनवर बसा, आपला आयडी आणि पासवर्ड टाका, की तुमचं फोल्डर समोर हजर. शेजारी बसलेल्याला ते उघडत नाही. पण प्रोजेक्टमधल्या चौघांना एक सामायिक फोल्डर मात्र बरोबर दिसतं.

हे इतकं सवयीचं झालंय की पुढचा प्रश्न आपल्याला पडतच नाही. तुम्ही आज ज्या मशीनवर पहिल्यांदाच बसलात, त्याला कसं कळलं की हे तुम्हीच आहात? आणि तुमचा पासवर्ड त्या मशीनपासून सर्व्हरपर्यंत वायरमधून गेला असेल, तर मध्येच कोणी तो वाचला नाही कशावरून?

या प्रश्नांमागे एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने आयुष्यातली अनेक वर्षं घालवली. त्यांचं नाव रॉजर नीडहॅम. चला तर मग, त्यांची गोष्ट पाहू. ती समजण्यासाठी आधी थोडी तयारी करावी लागेल.

फाइलचा मालक म्हणजे एक नंबर

युनिक्स आणि लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. परवानग्या तीन जणांसाठी वेगवेगळ्या ठरतात: मालक, ग्रुपमधले सदस्य आणि बाकी सगळे. कोणी फाइल वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची, हे तिथे लिहिलेलं असतं.

गंमत अशी की फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, फक्त नंबर असतो. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सवरच चालतो. तिथे प्रत्येक ॲपला स्वतःचा वेगळा युजर नंबर मिळतो. म्हणूनच एका ॲपच्या खासगी फाइल्स दुसऱ्या ॲपला सहज उघडता येत नाहीत.

आता समजा लॅबमध्ये दोन मशीन आहेत आणि दोन्हींवर खाती वेगवेगळी बनवली आहेत. पहिल्या मशीनवर १००१ नंबर स्नेहलचा आहे आणि दुसऱ्यावर तोच नंबर आकाशचा. दोन्ही मशीन नेटवर्कवरची एकच डिस्क वापरू लागली, तर स्नेहलच्या फाइल्स दुसऱ्या मशीनवर आकाशच्या मालकीच्या दिसतील. कोणी चोरी केली नाही, कोणी काही हॅक केलं नाही, तरी मालकी बदलली!

यावर उपाय साधा वाटतो. सगळ्या मशीनसाठी एकच वही ठेवायची. कोणाचा नंबर काय आणि कोण कोणत्या ग्रुपमध्ये, हे त्या एकाच वहीत लिहायचं. यालाच आपण केंद्रीय खाती म्हणतो. पण वही एका जागी गेली की नवी अडचण येते. प्रत्येक मशीनला आता नेटवर्कवरून त्या वहीला विचारावं लागतं. उत्तर खरंच त्या वहीकडूनच आलं, हे कसं ओळखायचं? नीडहॅम यांचं सगळ्यात गाजलेलं काम याच जागेवरचं आहे.

बर्मिंगहॅम ते केंब्रिज

रॉजर मायकेल नीडहॅम यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे झाला. शाळा डॉनकॅस्टरला झाली. १९५३ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये आले. तिथे त्यांनी गणित आणि तत्त्वज्ञान असे दोन विषय घेतले आणि १९५६ मध्ये पदवी मिळवली.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून टाकणारं यंत्र. नीडहॅम यांनी पीएचडी केली ती कागदपत्रांची आपोआप वर्गवारी कशी करायची आणि हवा तो कागद कॉम्प्युटरने कसा शोधायचा, या विषयावर. भाषा आणि कॉम्प्युटर यांवर काम करणाऱ्या केंब्रिजमधल्या एका गटात त्यांना कॅरेन स्पार्क जोन्स भेटल्या. १९५८ मध्ये दोघांनी लग्न केलं. केंब्रिजजवळ कोटन गावात त्यांनी स्वतः राबून आपलं घर बांधलं.

कॅरेन यांचं नाव इथे फक्त पत्नी म्हणून घेतलं तर चुकीचं होईल. जो शब्द थोड्याच कागदपत्रांत सापडतो त्याला शोधताना जास्त वजन द्यायचं, ही कल्पना त्यांनी १९७२ मध्ये मांडली. पुढे सर्च इंजिनांच्या पायाभरणीत ती कल्पना कामी आली. असं असूनही त्यांनी केंब्रिजमध्ये वर्षानुवर्षं तात्पुरत्या करारांवर काम केलं. प्रोफेसरपद मिळालं ते थेट १९९९ मध्ये.

टायटन आणि पासवर्डची चटणी

१९६० च्या दशकात नीडहॅम केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत रुजू झाले. पुढे हीच कॉम्प्युटर लॅबोरेटरी झाली. प्रमुख होते मॉरिस विल्क्स. तिथे टायटन नावाचा एक मोठा कॉम्प्युटर होता. १९६७ पासून तो एकाच वेळी अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून वापरू लागले.

एकाच यंत्रावर अनेकांच्या फाइल्स आल्या की कोणती कोणाची हा प्रश्न येणारच. म्हणजे पासवर्ड हवेत. पण पासवर्ड तपासायचे तर यंत्राने ते कुठेतरी लिहून ठेवले पाहिजेत. धोका नेमका त्या यादीतच होता. अमेरिकेत एमआयटीच्या सीटीएसएस या सिस्टिमवर एकदा भलताच घोळ झाला होता. दोन ॲडमिन एकाच वेळी दोन फाइल्स एडिट करत होते. एक होती लॉगिन करताच सगळ्यांना दिसणाऱ्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डची. दोन्हींच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करेल त्याच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड!

टायटनवर नीडहॅम यांनी सहकारी माइक गाय यांच्यासोबत वेगळाच मार्ग काढला. पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करायची आणि जे उत्तर येईल तेवढंच साठवायचं. ही प्रक्रिया उलटी फिरवता येत नाही. खोबरं, मिरची आणि लसूण मिक्सरला लावून चटणी केली, की तिच्यातून पुन्हा खोबऱ्याची वाटी काढता येत नाही ना? तसंच. पण तेच जिन्नस त्याच मापाने पुन्हा वाटले तर चटणी तीच येते. तुम्ही पासवर्ड टाकला की यंत्र पुन्हा चटणी वाटतं आणि साठवलेल्या चटणीशी ताडून पाहतं.

यादी चोरीला गेली तरी चोराच्या हाती चटणीच लागते. विल्क्स यांनी १९६८ मधल्या आपल्या पुस्तकात ही पद्धत नीडहॅम यांच्या नावाने नोंदवली. पासवर्ड साठवण्याची ही कल्पना आजही जगभर वापरली जाते. अर्थात, नंतर तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या.

१९७८ : डब्यातला डबा

एका यंत्रापुरता प्रश्न सुटला. पण १९७० च्या दशकात यंत्रं एकमेकांना जोडली जाऊ लागली. केंब्रिजमध्येच केंब्रिज रिंग नावाचं वेगवान नेटवर्क तयार झालं. आता युजर एका मशीनवर, फाइल्स दुसऱ्या मशीनवर आणि मधली वायर कोणालाही ऐकता येईल अशी.

याच काळात नीडहॅम अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात काही काळ होते. हो, जिच्या नावावरून आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तीच कंपनी. तिथे मायकेल श्रोडर यांच्यासोबत त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. तो डिसेंबर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक पद्धत सोप्या भाषेत अशी आहे.

समजा तुम्हाला फाइल सर्व्हरशी बोलायचंय. तुमची त्याची ओळख नाही. पण दोघांच्याही ओळखीचा, दोघांच्याही विश्वासातला एक तिसरा सर्व्हर आहे. त्याच्याकडे तुमची गुप्त किल्ली आहे आणि फाइल सर्व्हरचीही. तुम्ही त्याला सांगता की मला फाइल सर्व्हरशी बोलायचंय. तो लगेच एक नवी, तात्पुरती किल्ली तयार करतो आणि ती एका डब्यात घालून तुम्हाला पाठवतो. हा डबा फक्त तुमच्या किल्लीने उघडतो.

डबा उघडला की आत दोन वस्तू मिळतात. एक म्हणजे ती तात्पुरती किल्ली. दुसरी म्हणजे आणखी एक बंद डबा. हा आतला डबा तुम्हाला उघडता येत नाही, तो फक्त फाइल सर्व्हरच्या किल्लीने उघडतो. तुम्ही तो तसाच फाइल सर्व्हरकडे देता. तो उघडतो. आत तुमचं नाव आणि तीच तात्पुरती किल्ली. आता तुम्हा दोघांकडे एक सामायिक किल्ली आहे, आणि सर्व्हरला हेही कळलंय की समोर कोण आहे.

या सगळ्यात तुमचं मूळ गुपित वायरवरून एकदाही गेलं नाही. फाइल सर्व्हरलाही ते कळलं नाही. आपण कोण हे सिद्ध करायला आपलं गुपित समोरच्याच्या हातात द्यावं लागत नाही, ही गोष्ट या निबंधाने नेटवर्कच्या दुनियेत रुजवली.

ग्रेपवाइन : ग्रुपचा मालक कोण?

ओळख पटली, पण परवानगीचं काय? झेरॉक्समध्येच अँड्र्यू बिरेल, रॉय लेविन, श्रोडर आणि नीडहॅम यांनी ग्रेपवाइन नावाच्या सिस्टिमवर काम केलं. तिच्याबद्दलचा त्यांचा निबंध १९८२ चा आहे. ती ई-मेल पोहोचवायची आणि शिवाय कंपनीतल्या खात्यांची सामायिक वहीही सांभाळायची.

त्या वहीत दोन प्रकारच्या नोंदी होत्या: व्यक्ती आणि ग्रुप. ग्रुपला मेल पाठवली की सगळ्या सदस्यांना जायची. आणि तोच ग्रुप फाइल सर्व्हरवर परवानगीसाठीही वापरता यायचा. म्हणजे फाइलवर वीस जणांची नावं लिहायची गरज नाही. ग्रुपचं एक नाव पुरे. नवा माणूस आला की त्याचं नाव वहीत एकाच ठिकाणी टाकायचं, गेला की एकाच ठिकाणाहून काढायचं.

ग्रुपमध्येही तीन भूमिका होत्या. सदस्य, मालक आणि मित्र. मालकाला यादी बदलता यायची. मित्राला फक्त स्वतःचं नाव घालता किंवा काढता यायचं. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आणि लिंकवरून आत येणारा माणूस आठवला ना? हा फरक तेव्हाच विचारात घेतला होता.

सगळी खाती एकाच सर्व्हरवर असतील आणि तोच बंद पडला तर? म्हणून ग्रेपवाइनमध्ये वहीच्या प्रती एकापेक्षा जास्त सर्व्हरवर असायच्या. त्याची किंमत अशी की एका प्रतीत केलेला बदल दुसरीकडे पोहोचायला थोडा वेळ लागायचा. तेवढ्या वेळात दोन सर्व्हर वेगवेगळी उत्तरं देऊ शकत. काम थांबण्यापेक्षा हे परवडलं, असा हिशेब त्यांनी केला.

तारीख नसलेला पास

आता गोष्टीतला खरा कसोटीचा भाग येतो. १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको यांनी १९७८ च्या पद्धतीतली एक फट दाखवली. आतल्या डब्यावर तारीख-वेळ नव्हती. समजा चोराने तुमचा जुना आतला डबा नेटवर्कवरून टिपून ठेवला आणि कधीतरी त्यातली जुनी तात्पुरती किल्लीही त्याच्या हाती लागली. तो तोच डबा पुन्हा फाइल सर्व्हरकडे नेऊ शकतो. हा आजचा की मागच्या वर्षीचा, हे सर्व्हरला कळणार नाही. एसटीच्या पासवर तारीखच छापली नाही तर काय होईल, विचार करा. फक्त इथे पास दुसऱ्याच्या नावाचा.

डेनिंग आणि साको यांनी उपायही सुचवला: डब्यात वेळ लिहा. १९८७ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी स्वतःही त्याच प्रश्नावर परत काम करून दुरुस्ती दिली. नीडहॅम तिथेच थांबले नाहीत. अशा पद्धती बरोबर आहेत की नाहीत हे तर्काने तपासता यावं म्हणून मायकेल बरोज आणि मार्टिन अबादी यांच्यासोबत त्यांनी एक तर्कपद्धती तयार केली. तिघांच्या आडनावांवरून ती बॅन लॉजिक म्हणून ओळखली जाते.

तरीही एक गोष्ट निसटलीच. १९७८ च्या निबंधात दुसऱ्या प्रकारच्या किल्ल्या वापरणारी आणखी एक पद्धत होती. १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी, गॅव्हिन लो यांनी तीही फोडून दाखवली. मूळ पद्धत लिहिताना चोर बाहेरचा असेल असं धरलं होतं. लो यांनी चोर आतलाच, रीतसर खातं असलेला धरला. तुम्ही त्याच्याशी बोलायला जाता, आणि तो तुमचेच निरोप वापरून तिसऱ्याकडे तुमच्या नावाने उभा राहतो. बॅन लॉजिकलाही ही फट दिसली नव्हती, कारण तिच्यातही सगळे प्रामाणिक वागतील हे गृहीत होतं. अवघ्या काही ओळींची पद्धत, जगभरातल्या तज्ज्ञांनी वाचलेली, आणि तरी १७ वर्षं चूक लपून राहिली. सुरक्षेचं काम किती अवघड आहे हे सांगायला आजही हेच उदाहरण दिलं जातं.

तीन डोक्यांचा कुत्रा तुमच्या ऑफिसात

दरम्यान एमआयटीमध्ये अथेना नावाचा प्रकल्प चालू होता. कोणत्याही मशीनवर बसून विद्यार्थ्याला आपलं खातं वापरता यावं, हा त्याचा हेतू. त्यासाठी नीडहॅम-श्रोडर पद्धतीत डेनिंग आणि साको यांची वेळेची दुरुस्ती घालून कर्बेरॉस तयार झालं. नाव ग्रीक पुराणकथेतल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याचं. आतल्या डब्याला इथे तिकीट म्हणतात.

विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये कर्बेरॉस घेतलं. लिनक्सच्या मोठ्या नेटवर्कमध्येही ते एलडॅप नावाच्या वहीसोबत चालतं. कामाची वाटणी सरळ आहे. तुम्ही कोण हे कर्बेरॉस सांगतं. तुमचा नंबर काय आणि ग्रुप कोणते हे वही सांगते. मग फाइलवरचा मालक आणि ग्रुप ताडून दार उघडतं किंवा बंद राहतं.

शेवटची वर्षं

१९८० मध्ये विल्क्स निवृत्त झाले आणि नीडहॅम केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीचे प्रमुख झाले. १९९५ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. १९८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेबाहेरची आपली पहिली संशोधन प्रयोगशाळा केंब्रिजमध्ये सुरू केली, ती उभी करण्याचं काम नीडहॅम यांच्याकडे आलं. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. २००१ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १ मार्च २००३ रोजी कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय ६८. कॅरेन २००७ मध्ये गेल्या.

हे आपल्या काय कामाचं?

ही गोष्ट जुनी असली तरी रोजच्या वापरात ती भेटत राहते. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: ऑफिसच्या मशीनवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर घड्याळ बघा. तिकिटावर वेळ असते, आणि साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉस चालवून घेत नाही. १९८१ ची ती दुरुस्ती तुम्हाला अशी भेटते.

दुसरी: तुम्हाला एखाद्या ग्रुपमध्ये घेतलं पण फोल्डर उघडत नाही? एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा. ग्रुपची यादी बहुतेक वेळा लॉगिनच्या वेळीच घेतली जाते.

तिसरी: फोल्डर शेअर करताना एकेक नाव टाकण्याऐवजी शक्य असेल तिथे ग्रुप वापरा. माणूस टीममधून गेला की त्याचं नाव एका जागी काढलं की झालं. वीस फोल्डर शोधत बसलात तर एक तरी विसरणारच.

चौथी, लिनक्स सांभाळणाऱ्यांसाठी: गेलेल्या माणसाचा नंबर नव्या माणसाला देऊ नका. फाइलला नाव माहीत नसतं, नंबर माहीत असतो. नवा माणूस पहिल्याच दिवशी जुन्या माणसाच्या फाइल्सचा मालक होऊन बसेल.

आणि एक गोष्ट नीडहॅम यांच्या आयुष्यातून. आपण बांधलेल्या कुलपातली फट दुसऱ्याने दाखवली, तेव्हा ते त्याच कुलपावर पुन्हा कामाला बसले आणि कुलपं तपासायचं साधनही त्यांनीच करायला घेतलं. आज एका लॉगिनवर आपण आपले फोटो, असाइनमेंट आणि पगाराची स्लिप ठेवतो, ते अशाच तपासण्यांतून गेलेल्या कुलपांवर.